पडद्यावर आंधळी तलवारबाज, समोर अंधशाळेच्या मुली: चित्रपट कोणता निवडावा आणि दाखवावा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतलं तुमचं छोटं चित्रपट मंडळ ८ मार्चला ‘लढणारी बाई’ असलेला एखादा चित्रपट दाखवणार आहे. कुणीतरी १९६९-७० मधली एक जपानी चित्रपटमालिका सुचवली. आंधळ्या तलवारबाज बाईची, जपानबाहेर ‘क्रिम्झन बॅट’ (लालभडक वटवाघूळ) या नावाने ओळखली जाणारी. गावातल्या अंधशाळेच्या मोठ्या मुलींनाही बोलवायचं ठरलंय. तुम्ही विचारलंत, ही मालिका म्हणजे ‘जातोइची’ची, आंधळ्या तलवारबाज पुरुषावरच्या गाजलेल्या जपानी चित्रपटांची, बायकी नक्कल आहे का, चारपैकी कोणता भाग दाखवावा, आणि पोस्टरवर मराठीत नाव काय छापावं.

हे तिन्ही प्रश्न चांगले आहेत. पण चौथा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. चित्रपट जपानी, खालच्या पाट्या (सबटायटल्स) इंग्रजी. अंधशाळेच्या मुली दीड तास तिथे बसून काय करणार? त्यांच्यावर काढलेला चित्रपट त्यांनाच बघता येणार नाही, आणि कार्यक्रमाच्या शेवटी आपण त्यांना गुलाबाचं फूल देऊन परत पाठवू. असं झालेलं मी पाहिलंय, म्हणून आधीच बोलते.

मी पुण्यात वीसेक वर्षं जपानी शिकवते आणि भाषांतराची कामं करते. चित्रपट मंडळांसाठी मराठी पाट्या लिहायची सवय जुनी आहे. अलीकडे काही ठिकाणी पाट्यांऐवजी माईक घेऊन बसते. त्या अनुभवावरून जे सांगता येईल ते सांगते. काही गोष्टी तुमच्या सभागृहावर, मुलींच्या वयावर आणि तुमच्याकडे किती दिवस आहेत यावर ठरतील.

आधी नकलेचा प्रश्न. हो, नक्कल आहे, आणि कुणी ती लपवलेली नाही. शिमोझावा कान या लेखकाने १९४८ मध्ये एका आंधळ्या जुगारी तलवारबाजावर अगदी छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावरून दाइएइ कंपनीने १९६२ मध्ये चित्रपट काढला, दिग्दर्शक मिसुमी केनजी, नायक कात्सु शिनतारो. तो इतका चालला की १९६८ संपेपर्यंत जातोइचीचे एकोणीस चित्रपट झाले होते. (मी ‘झाटोइची’ लिहीत नाही, ‘जातोइची’ लिहिते. ‘मी उद्या पुण्याला जातो’ यातला ‘जातो’ म्हणा आणि पुढे ‘इची’ जोडा, की जपानी माणसालाही खटकणार नाही असा उच्चार होतो. हा ज मराठीला आयता मिळालाय, तो वाया का घालवा?) त्याच सुमारास तोएइ कंपनीने १९६८ मध्ये फुजी जुनकोला घेऊन जुगारी बाईची मालिका सुरू केली होती, तीही जोरात होती. म्हणजे आंधळा तलवारबाज चालतोय आणि हत्यार घेतलेली बाईही चालतेय. शोचिकू कंपनीने दोन्ही एकत्र केलं. यात बुद्धी कमी आणि हिशेब जास्त होता, आणि त्या वेळी हिशेब करणं भागच होतं. जपानमध्ये १९५८ मध्ये वर्षाला सुमारे ११२ कोटी तिकिटं विकली जात होती. १९७० पर्यंत हा आकडा २५ कोटींच्या आसपास आला. घरोघरी टीव्ही आला होता. जे चालतंय ते उचलायचं, हे तेव्हा सगळेच करत होते.

१९६९ मध्ये जातोइचीचा एकही नवा चित्रपट आला नाही. आंधळ्या ओइचीचे, म्हणजे ‘क्रिम्झन बॅट’च्या नायिकेचे, मात्र त्या एका वर्षात तीन आले. चौथा १९७० मध्ये आला आणि चित्रपटगृहातली मालिका तिथेच थांबली. शोचिकूला १९६९ मध्येच दुसरी एक मालिका सापडली होती, तोरा नावाच्या फिरत्या विक्रेत्याची. १९९५ पर्यंत तिचे अट्ठेचाळीस चित्रपट झाले. तोराच्या गोष्टी घरातल्या आहेत, जेवणाच्या मेजाभोवतीच्या आहेत. शोचिकूचा हात पहिल्यापासून तिथेच बसलेला होता, तलवारीवर नव्हे.

माझ्या मते ओइचीच्या मालिकेची गंमतही इथेच आहे आणि कमजोरीही. शोचिकूने तलवारबाजाची गोष्ट घेतली आणि तिला आईची गोष्ट जोडली. पहिल्या चित्रपटात लहान मुलीला आई सोडून जाते, वादळी रात्री वीज पडते आणि मुलीची दृष्टी जाते. एक म्हातारा तिला वाढवतो, तो मारला जातो, मग एका रोनिनकडून, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईकडून, ती तलवार शिकते. जातोइचीला असं काही लागलं नाही. तो पहिल्या चित्रपटात काठी टेकत येतो, फाशांच्या खेळात समोरच्यांच्या लबाडीचा फायदा घेऊन त्यांनाच लुटतो, आणि प्रेक्षक त्याला मान्य करून टाकतो. तू आंधळा का, तलवार का उचललीस, असं त्याला दारातच कुणी विचारत नाही. बाईला मात्र आधी कारण द्यावं लागतं. ते कारण आईइतकं मोठं आणि विजेइतकं लखलखीत असावं लागतं. (वीज पडल्यावर मोतीबिंदू होऊ शकतो हे वैद्यकात नोंदलेलं आहे. पण चित्रपटातली वीज मोतीबिंदूची वाट बघत बसत नाही.)

आता नावाकडे येते. तुमच्या पोस्टरचा प्रश्न इथेच सुटणार आहे.

‘जातोइची’ मधला ‘जातो’ हा शब्द आंधळा या अर्थाचा नाही. ते पद आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, जपानमध्ये अंध पुरुषांचा एक संघ होता, तोदो-झा नावाचा, शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सत्तेचं संरक्षण असलेला. बिवा आणि कोतो ही तंतुवाद्यं वाजवणारे, मालिश करणारे, सुया टोचून उपचार करणारे अंध पुरुष त्यात असत. वरपासून खालपर्यंत चार मुख्य पदं होती, केनग्यो, बेत्तो, कोतो (हे पद, वाद्य नव्हे) आणि सगळ्यात खाली जातो. त्यांच्या आत त्र्याहत्तर पायऱ्या होत्या आणि पैसे भरून वर चढता येत असे. संघाच्या माणसांना व्याजाने पैसे द्यायची मुभा होती आणि त्यांचं व्याज बदनाम होतं. १८७१ मध्ये, शोगुनशाही गेल्यावर आलेल्या मेइजी सरकारने हा संघ मोडला. ‘इची’ हा शेवट त्या संघातल्या एका परंपरेच्या नावांत यायचा. म्हणजे ‘जातोइची’ हे नाव ऐकताच जपानी माणसाला कळतं की हा खालच्या पदावरचा, मालिश करून पोट भरणारा गृहस्थ आहे. आंधळेपण त्यात गृहीत आहे, पण नाव त्याला माणसांच्या एका रचनेत बसवतं.

ओइचीच्या मालिकेचं मूळ जपानी नाव ‘मेकुरा नो ओइची’. ‘मेकुरा’ म्हणजे आंधळी, सरळ आणि उघडं. तोदो-झा पुरुषांचा संघ होता, त्यात बाईला ‘जातो’ होता येत नव्हतं. त्यामुळे मालिकेला नाव देताना तिच्यापाशी पद नव्हतं, होती ती फक्त न दिसणारी नजर. ‘ओइची’ हे मात्र जपानी बायकांचं जुनं, साधं नाव आहे आणि त्यात ‘इची’ लपलेला आहे. नाव देणाऱ्याने हा दुहेरी फायदा बरोबर उचलला.

मग अंध बायका तेव्हा करत काय होत्या? त्यांची वेगळी परंपरा होती, गोझे. शामिसेन हे तीन तारांचं वाद्य घेऊन गावोगाव गात फिरणाऱ्या अंध बायका. नीगाता भागात नागाओका आणि ताकादा इथे त्यांचे मोठे गट विसाव्या शतकापर्यंत होते. त्या एकट्या फिरत नसत. पुढे थोडं दिसणारी एक, तिच्या पाठीवरच्या गाठोड्याला हात लावून मागची, तिच्यामागे तिसरी, अशी रांग असे. मुंबईच्या लोकलमध्ये एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गात जाणारे अंध गायक तुम्ही पाहिले असतील, तर ती रांग डोळ्यांसमोर येईल. नियम कडक होते, पुरुषाशी संबंध ठेवणारीला गटाबाहेर काढत. कोबायाशी हारु ही या परंपरेतली मोठी गायिका १९०० मध्ये जन्मली, बाळपणीच दृष्टी गेली, १९७८ मध्ये जपान सरकारने तिला जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आणि २००५ मध्ये १०५ व्या वर्षी ती गेली. हिवाळ्यात बर्फातून चालत जाणारी ही बाई आणि पडद्यावर एकटी दहा जणांना लोळवणारी ओइची, यांतली कोण खरी हे सांगायला नको. पण मुलींना चित्रपटाआधी काही सांगायचं असेल तर गोझेंची ही गोष्ट सांगा. तलवारीपेक्षा ती त्यांच्या जास्त लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

आता कोणता भाग. चार चित्रपट आहेत, सगळे दीड तासाच्या आसपासचे, चारही वेळा ओइची म्हणजे मात्सुयामा योको. पहिले दोन मात्सुदा सादात्सुगु यांनी दिग्दर्शित केले, पुढचे दोन इचिमुरा हिरोकाझु यांनी. मात्सुदा जुने खेळाडू होते. जपानी चित्रपटाचे जनक मानले जाणारे माकिनो शोझो यांचे ते पुत्र, आणि १९५७ मध्ये जपानचा पहिला रुंद पडद्याचा चित्रपट त्यांनीच काढला होता. ओइचीपर्यंत येताना त्यांची कारकीर्द संपत आली होती. पण रुंद चौकटीत माणसं कुठे उभी करायची हे त्या माणसाला झोपेतही कळत असावं. तुमच्यासाठी याचा उपयोग आहे, तो पुढे सांगते.

पहिलाच दाखवा. दुसऱ्यात ती इनामासाठी गुन्हेगार पकडणारी झालेली असते, चौथ्यात तिच्याच डोक्यावर इनाम लागतं. हे भाग मजेचे आहेत, पण जिने ओइचीला कधी पाहिलेलं नाही तिच्यासाठी पहिला चित्रपट हाच दरवाजा आहे. बाकीचे कोणत्याही क्रमाने चालतील.

दाखवण्याआधी तुम्ही स्वतः तो पूर्ण पाहा, आणि शाळेच्या एखाद्या बाईंना सोबत बसवा. या प्रकारच्या त्या काळच्या चित्रपटांत बाईवरच्या जबरदस्तीचे प्रसंग येतात, आणि महिला दिनाच्या कार्यक्रमात ते अचानक अंगावर आले तर पुढचा सगळा वेळ सारवासारवीत जातो. मुली पंधरा वर्षांखालच्या असतील तर मी हा चित्रपट निवडणार नाही. मोठ्या असतील तर निवडेन, आधी दोन वाक्यांत सांगून. आणि एक कोरडी गोष्ट. घरी बघायला घेतलेली डिस्क सार्वजनिक प्रयोगाला चालत नाही, परवानगी हक्कधारकाकडून लागते. पत्र आजच पाठवा, उत्तराला वेळ लागतो.

दुसरा पर्याय हवा असेल तर २००८ चा ‘इची’ आहे. आयासे हारुका त्यात अंध तलवारबाज आहे आणि ती गोझेच आहे, शामिसेन वाजवणारी. म्हणजे ज्या परंपरेला १९६९ मध्ये बाजूला ठेवलं होतं तिच्याकडे चाळीस वर्षांनी कुणीतरी वळलं. चित्र चकचकीत, पण मला तो लांबलेला वाटतो आणि नायिका इतकी गप्प असते की ऐकणाऱ्या प्रेक्षकासाठी तो अवघड जाईल. १९७० चा निक्कात्सु कंपनीचा एक भयपटही लोक या यादीत घालतात, त्यात अंध तलवारबाज बाई नायिकेची शत्रू आहे. तो मित्रमैत्रिणींसोबत रात्री बघण्याचा माल आहे, ८ मार्चचा नाही.

मात्सुयामा योकोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ मध्ये ओत्सुका कंपनीने ‘बॉन करी’ नावाची तयार करी बाजारात आणली. पाकीट गरम पाण्यात टाका, भातावर ओता, जेवण तयार. किंमत ऐंशी येन. अशी पाकिटबंद करी विक्रीला येण्याची जगातली ही पहिलीच वेळ मानतात. त्या खोक्यावर हातात करी घेऊन हसणारी किमोनोतली गृहिणी म्हणजे हीच मात्सुयामा योको. जपानच्या गावागावांत तिच्या चित्राच्या पत्र्याच्या पाट्या लागल्या. म्हणजे १९६९ मध्ये थिएटरात जाणारा माणूस दुकानाच्या भिंतीवर तिला करी वाढताना बघून आत जायचा, आणि आत ती माणसं कापत असायची. आजही जपानमध्ये वयस्कर माणसाला तिचं नाव सांगितलं की करी आधी आठवते. ज्या चित्रकथेवरून ही मालिका निघाली तिचे चित्रकार तानाशिता तेरुओ हे तिचे पती.

आता तो चौथा प्रश्न.

पाट्या वाचून दाखवणं हा पहिला विचार मनात येतो आणि तो चुकीचा आहे. अशा चित्रपटात सहाशे-सातशे वाक्यं सहज असतात. ती सगळी मराठीत वाचत बसलात तर मूळ आवाज, काठीची टकटक, पावलं, पाऊस, सगळं तुमच्या आवाजाखाली गाडलं जातं. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. प्रयोग जातोइचीच्या एका चित्रपटाचा होता. लढाई सुरू झाली आणि मी माईकवर क्रिकेटच्या समालोचकासारखी सुटले. हा डावीकडून आला, हा पडला, तो मागे वळला. प्रेक्षकांत तबला शिकवणारे एक अंध गुरुजी होते. चित्रपट संपल्यावर ते जवळ आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘बाई, तुम्ही तेवढा वेळ गप्प बसला असतात तर किती माणसं पडली ते मी मोजलं असतं.’

त्यानंतर मी पद्धत बदलली. लढाईआधी जागा मांडून द्यायची आणि मग तोंड बंद ठेवायचं. ‘अंगण आहे. ती मधोमध. समोर तिघे, डावीकडे विहिरीपाशी दोघे. फाटक मागे, बंद.’ एवढं सांगायला आठ सेकंद लागतात. पुढचं काम आवाज करतात. मात्सुदांच्या चौकटीचा उपयोग म्हणाले तो हाच. त्यांच्या दृश्यांत कोण कुठे उभं आहे हे स्पष्ट असतं, म्हणून ते शब्दांत मांडता येतं. आजच्या चित्रपटांत सेकंदाला एक तुकडा कापलेला असतो, तिथे मांडायचं काय?

संवादांचं म्हणाल तर एक तृतीयांश ठेवा. जपानी पात्राला बोलायला सुरुवात करू द्या, अर्धा श्वास थांबा, मग मराठी सांगा. रेडिओवर परदेशी पाहुण्याचा आवाज मागे बारीक होतो आणि निवेदक बोलायला लागतो, तसं. ‘हो’, ‘थांब’, ‘कोण आहे?’ असली वाक्यं सोडून द्या, सूर सांगतो. उलट ज्या वाक्यात नातं किंवा धमकी बदलते ते शब्द न चुकता सांगा. भावना समजावू नका. ‘ती दुःखी झाली’ म्हणायचं नाही. ‘तिने काठी खाली ठेवली’ म्हणायचं. नावं तीनच ठेवा. बाकीच्यांना ‘म्हातारा’, ‘मुकादम’, ‘जाड आवाजाचा’ म्हणा, मराठी कानाला सात जपानी नावं एकदम झेपत नाहीत.

रंग सांगा. डोळस लोकांना वाटतं की अंध माणसाला रंगाचं काय करायचंय. मला सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न ‘किमोनो कुठल्या रंगाचा?’ हाच आहे. विचारणाऱ्यांत जन्मापासून अंध असलेल्या मुलीही होत्या. लाल म्हणजे काय हे त्यांना कुंकवावरून, गुलालावरून, लोकांच्या बोलण्यावरून माहीत असतं. या मालिकेत लाल रंग नावातच आहे.

आवाज दोन असले तर उत्तम, एक बाईचा, एक पुरुषाचा. एकच असेल तर आवाज बदलून नाटक करू नका, थोडा उंच-खाली केला तरी पुरतं. इअरफोनची सोय सांगलीत जमवण्याच्या भानगडीत पडू नका. सगळ्या सभागृहाला ऐकू जाऊ दे. इंग्रजी पाट्या भराभर वाचता न येणारे डोळस प्रेक्षक तुम्हाला मनातून दुवा देतील. तयारीला मला दीड तासाच्या चित्रपटासाठी रोज संध्याकाळी बसून तीन आठवडे लागतात. तुम्हाला जपानी येत नसेल तर इंग्रजी पाट्यांवरून करा, चालेल, पण एक तालीम भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसासमोर करा. तो जिथे ‘आता काय चाललंय?’ विचारेल तिथे खूण करा. अंध व्यक्ती तालमीला आली तर त्याहून चांगलं, आणि तिला मानधन द्या.

हे काही आपण शोधलेलं नाही. जपानमध्ये मूकपट कधी मुके नव्हतेच. पडद्याच्या बाजूला बेन्शी नावाचा निवेदक उभा असायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, गोष्ट सांगायचा. लोक नटाइतकेच बेन्शीसाठी तिकीट काढायचे. त्यांच्या जोरावर तिथे मूकपट १९३० च्या दशकातही बराच काळ टिकले. प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा मोठा भाऊ बेन्शी होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी अंध बिवावादक युद्धाच्या कथा डोळसांना गाऊन सांगत होते. तुमच्या कार्यक्रमात दिशा उलटी आहे, एवढंच.

मुली हसतील, त्यांना हसू द्या. माशीच्या पंखाच्या आवाजावरून तलवार चालवणारे आंधळे पाहून (ऐकून) अंध प्रेक्षक हमखास हसतात. त्याच गुरुजींनी मला सांगितलं होतं, ‘आमच्या कानात वेगळं यंत्र नसतं हो. तुमचं लक्ष डोळ्यांत गेलेलं असतं, आमचं कानात राहतं, इतकाच फरक.’ चर्चेच्या वेळी डोळस पाहुण्यांकडून ‘निसर्ग एक घेतो आणि दुसरं देतो’ छापाचं भाषण येण्याची शक्यता असते. त्या पाहुण्यांना आधीच चहाला न्या.

म्हणजे आतापर्यंत एवढं ठरलं: पहिला भाग, मुली मोठ्या असतील तर, आणि पाट्यांच्या जोडीला माईकवरून बोलतं मराठी. राहिलं पोस्टर.

पहिल्या चित्रपटाच्या जपानी शीर्षकात वटवाघूळ कुठेच नाही. मालिकेच्या नावापुढे ‘माक्का ना नागारेदोरी’ असे शब्द आहेत, म्हणजे लालभडक, वाहत वाहत जाणारा पक्षी. ‘नागारे’ हा शब्द घरदार नसलेल्या, वाट फुटेल तिकडे जाणाऱ्या माणसासाठी वापरतात. वटवाघूळ परदेशी विक्रेत्यांनी घातलं, कारण इंग्रजीत आंधळेपणाची उपमा वटवाघळाची. आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की झाडाला उलटं लटकलेलं अशुभ काहीतरी आठवतं. ते पोस्टरवर घेऊ नका.

‘मेकुरा’ शब्दाचं काय करायचं? जपानमध्ये तो आता सभ्य बोलण्यात वापरत नाहीत. मराठीत आपल्यापाशी आंधळी, अंध, दृष्टिहीन, दिव्यांग, प्रज्ञाचक्षू, सूरदास अशी सगळी उतरंड आहे आणि प्रत्येक शब्दाला कुणाच्या तरी कचेरीचा, देवळाचा किंवा रस्त्याचा वास आहे. माझा नियम असा: संवादात गुंड तिला हिणवतो तेव्हा ‘आंधळी’च म्हणायचं, तेही टोचेल अशा सुरात. एदो काळातल्या मवाल्याच्या तोंडी ‘दृष्टिहीन भगिनी’ घातलं तर सभागृह हसेल आणि तिचा राग कुठून येतो तेच कळणार नाही. निवेदनात, म्हणजे माझ्या स्वतःच्या आवाजात, मी ‘ओइची’ म्हणते. ती अंध आहे हे एकदा सांगून झालं की परत परत कशाला?

पोस्टरवर मी लिहीन, ‘ओइची: लालभडक भटकं पाखरू’. खाली बारीक अक्षरात ‘अंध तलवारबाज स्त्रीवरचा जपानी चित्रपट, १९६९, माईकवरून मराठी निवेदनासह’. शेवटचे तीन शब्द बारीक नकोत, ते ठळक छापा, आणि शाळेला ब्रेलमध्ये वेगळं पत्रक द्या.

पुढेमागे चौथा भाग दाखवलात तर त्याचं नाव ‘इनोची मोराइमासु’ आहे. शब्दशः ‘जीव घेते’, पण ‘मोराइमासु’ हे क्रियापद आदराचं आणि घेण्याचं, दुकानात वस्तू मागताना वापरावं तसं. ‘आपला जीव तेवढा द्यावा’ असं काहीतरी. त्यावर मी दोन वर्षं अडकलेली आहे. कुणाला बरं मराठी सुचलं तर हवंय.

आणि पोस्टर छापखान्यात देण्याआधी शाळेतल्या दोन-तीन मुलींना नाव वाचून दाखवा. त्या हसल्या तर का हसल्या ते विचारून मला कळवा.